औषधाक पण नाय

दादा, काल तुझं तेरावं झालं. पानं वेळेवर उठली, वडे कमी पडले नाहीत, मुंबईहून आलेल्या चुलतवहिनीला नाक मुरडायला काही सापडलं नाही. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला सगळं यथासांग झालं. मी मात्र तेरा दिवस एक गोष्ट दडवून बसलेय. तुझ्याशीच बोलायला हवं. दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं हे नाहीच.

आधी गावची बातमी सांगते. परवा सोमवारी रवळनाथाच्या देवळात गाव जमणार आहे. तू गेलास, आता दारू न शिवायची शपथ ढिली पडेल, अशी गावच्या मानकऱ्याला, गावकराला धास्ती. म्हणून तुझ्या नावाने पुन्हा गाऱ्हाणं घालायचं. दहा वर्षांमागे तू घालायला लावलं होतंस तेच, शब्दाला शब्द. आणि मास्तरांच्या घरातलं माणूस म्हणून मला पुढे उभं राहायचंय. एरवी विधवा बाईला देवापुढे उभी करायची म्हटलं असतं तर ह्याच गावकराने सतरा कारणं काढली असती. तुझी पुण्याई बघ केवढी! स्वतः सांगायला आला होता. ओटीवर टेकला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "बाईनू, तुमी काय बोलूक नको. मी देवाक सांगतलंय, मास्तरांच्या घरात सोऱ्याचो थेंब कधी इलो नाय. तुमी फकत व्हय म्हणा."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? दारूचा थेंब आला होता, दादा. मीच आणला होता. आणि तो तुझ्या पोटात गेला.

आता तू वर बसून रागावला असशील, की हे ऐकून तुला नवल वाटलं नसेल, हेच मला कळत नाही. तेरा दिवस मी तेवढंच ताडून बघतेय.

तुला आठवतं ना, मुंबई सरकारचा दारूबंदीचा कायदा झाला तेव्हा केवढा हरखला होतास? शाळेत साखर वाटलीस. मला म्हणालास, बाय, आता शंभर वर्षांचं काम झालं. कसलं काम आणि कसलं काय! बंदरावरचं माडीचं दुकान बंद झालं आणि माडी घरोघरच्या मांगरात, परसातल्या खोपटात जाऊन बसली. तू सह्यांचे कागद घेऊन दारोदार हिंडलास. लोकांनी मोठ्या आदराने अंगठे उठवले आणि दिवेलागणीला त्याच हातांनी करवंटी धरली. मग तुझ्या डोक्यात आलं की हा गाव कागदाला भीत नाही, गाऱ्हाण्याला भितो. गावकराने देवापुढे उभं राहून साकडं घालायचं आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. त्या शब्दातून मग कोणाची सुटका नाही. शब्द मोडणाऱ्याच्या घरातलं माणूस जातं, ही इथल्या शेंबड्या पोराचीही खात्री. तू देवदेवस्की न मानणारा माणूस, पण भीती उपयोगी पडते म्हटल्यावर तीही वापरलीस. मी म्हटलं होतं, "दादा, ह्या बरा नाय." तू म्हणालास, "गुण येण्याशी मतलब, बाय."

गावकराने त्या दिवशी दोन शंका काढल्या होत्या. एक देवचाराची, गावाची शीव राखणाऱ्या भुताची. राखणेला शिवेवरच्या देवचाराला कोंबड्याबरोबर बाटली जाते, तिचं काय करायचं? "तेका काय आता कोकमाचा सरबत दिवचा?" सगळं देऊळ खदखदून हसलं. तूही हसलास आणि म्हणालास, देवचाराला सोडून देऊया, तो काही आमच्या शाळेत नाही. दुसरी शंका औषधाची. गावकर म्हणाला, "मास्तरांनू, औषधापुरती ठेवया मां? म्हातारी माणसा आसत, छाती भरता, बाळंतिणी आसत." तिथे तू हसला नाहीस. "औषधाक ठेवल्यार उद्या सगळो गाव आजारी पडतलो," म्हणालास. लोक पुन्हा हसले, पण ह्यावेळी जरा कमी. आणि तूच ते तीन शब्द गाऱ्हाण्यात घालायला लावलेस. औषधाक पण नाय. देवचाराला सूट मिळाली, आजाऱ्याला नाही मिळाली. मी बायकांच्या बाजूला उभी होते. मीही "व्हय म्हाराजा" म्हटलं.

तुझी ती जाडी वही माझ्यासमोर आहे. वर तुझ्या टपोऱ्या अक्षरात ‘मद्यनिषेधाचा उगम’. मालवणच्या वाचनालयातून पुस्तकं आणायचास, होडीत भिजू नयेत म्हणून माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. बुद्धाने सांगितलेलं पाचवं शील त्यात आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू सुटते, मग ती माळ कोणी कोणाला घातली, ते आहे. साहेबाने अबकारीचे ठेके लिलावाला काढले आणि वर त्याच्याच देशातले पाद्री येऊन इथे ‘टेंपरन्स’च्या सभा भरवायला लागले, त्यावर तुझी चार पानं संतापलेली आहेत. सत्याग्रहाच्या वर्षी तू अठराव्या वर्षी माडीच्या दुकानापुढे दोन हात पसरून उभा राहिलास, लोकांनी तुझ्या अंगावर माडी ओतली, आणि आई तो सदरा धुताना रडली, तेही आहे. एवढंच लिहायचं राहिलंय की ती कशाला रडली.

ह्यावरून आपलं भांडण अर्धंच राहिलं. तू म्हणायचास, मूळ संतांत आहे. पुढच्या पावसाळ्यात म्हणायचास, नाही, मूळ त्याहून मागे आहे. मी भाकऱ्या थापताना ऐकायचे. एकदा न राहवून म्हटलं, "मूळ खंय सोधतंस रे? मूळ आवशीच्या पाठीर होता." तू वही मिटलीस आणि उठून विहिरीवर गेलास. बाबा पिऊन आले की आई आपल्याला माजघरात लोटायची आणि दाराला पाठ लावून बसायची. बाहेरून जे काय व्हायचं ते दारावर आणि तिच्या पाठीवर. तू आठ वर्षांचा, मी पाच. तू माझ्या कानांवर हात दाबून धरायचास, इतके घट्ट की कान दुखायचे. शुद्धीवर असले की बाबांसारखा प्रेमळ माणूस नव्हता, हेही खरं. एवढ्या वहीत बाबांचं नाव एकदासुद्धा नाही. बुद्धापर्यंत गेलास, पण आपल्या माजघरात काही आला नाहीस. मी रागाने म्हणत नाही. मलाही कुठे येता येतं? आज पहिल्यांदा लिहितेय.

आणि तुझे उपकार मी विसरणार आहे थोडीच! तिकडचा माणूस गेला, माझं कपाळ पांढरं झालं, तेव्हा सगळे म्हणत होते, पडून राहील घरात एका कोपऱ्यात. तू मला वेंगुर्ल्याला नेऊन शिकवलंस, परीक्षेला बसवलंस. तोंडवलीच्या शाळेत पहिल्या दिवशी मला सोडायला आलास आणि वर्गाबाहेर तासभर उभा राहिलास, मी पळून येईन म्हणून. गावात ज्या घरांत दारू खरोखर सुटली त्या बायका तू गेलास त्या दिवशी तुझ्या पायाला हात लावून गेल्या. एकीने सांगितलं, "मास्तरांमुळे माजो घोव माका नावान हाक मारूक लागलो." त्या खोटं बोलत नाहीत. म्हणून तर मला जास्त भीती वाटते. मी तोंड उघडलं तर त्यांच्या घरांतला शब्दही सैल व्हायचा.

आता तातू आजोबाबद्दल बोलू दे. त्या दिवशी मी दाराआड होते आणि बोलले नाही, तो काटा तुझ्याइतकाच माझाही आहे.

तातू चाळीस वर्षं माडी काढायला माडावर चढला. दुकान बंद झालं, वर तुझी शपथ आली आणि त्याची कोयती खुंटीला लागली. त्याचा मुलगा गिरणीत गेला, घरी उरले हा आणि सून जानकी. तरी त्याने देवळात तुझ्यासमोर "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या थंडीत तो आजारी पडला. छाती भरली, अन्न तुटलं. जिभेवर दारूचा एक चमचा ठेवा एवढंच मागत होता. जानकी आपल्या ओटीपर्यंत आली, पायरीखालीच उभी राहिली. म्हणाली, "मास्तरांनू, सासऱ्याक औषधाक म्हणान एक चमचो दिवचो काय? तुमी म्हणाश्यात तर दितंय." किती साधं विचारलं तिने. न विचारता दिला असता तर कोणाच्या बापाला कळणार होतं? पण देवाचा शब्द, म्हणून विचारायला आली.

तू पुस्तकातून मान वर केलीस आणि म्हणालास, "जानक्ये, शब्द म्हणजे शब्द."

ती "बरा" म्हणाली आणि गेली. तिसऱ्या दिवशी तातू गेला. तू मर्तिकाला गेलास, लांब फणसाखाली उभा राहिलास, परत येऊन जेवला नाहीस. आता वही चाळताना बघते तर तिथूनच पुढे पानं कोरी आहेत. आधी वाटलं, तुझे डोळे दुखत होते म्हणून असेल. डोळ्यांचं औषध तर तू त्यानंतर दोन महिन्यांनी आणलंस.

मग तुझी पाळी आली. ताप, खोकला, नाडी हाताला लागेना. मालवणहून डॉक्टर होडीने आले, तुला तपासलं, बाहेर येऊन मला म्हणाले, "बाई, छातीत ऊब राहायला हवी. चमचाभर ब्रँडी मिळाली तर बघा. कागद लिहून देतो." कागद घेऊन मालवणात मी कोणाच्या दुकानात जाणार होते? दारूबंदीवाल्या मास्तरांच्या नावाची चिठ्ठी! वाऱ्याने होडी बंद झाली ते एक बरंच झालं, निदान मला कारण मिळालं. पण तू धापा टाकत होतास, तुझे ओठ निळे पडत होते. मी पायांत काही न घालता जानकीकडे गेले.

तिच्या पायरीखाली मी उभी राहिले, दादा. जशी ती आपल्या. ती भात कांडत होती. माझ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. आत गेली, माळ्यावर चढली, गवतातून एक बाटली काढून आणली. गोव्याची, काजूची दारू. सासऱ्यासाठी तिच्या चुलतदिराने हद्दीवरच्या बांद्याहून लपवून आणलेली. "सीलसुदीक फोडूक नाय," म्हणाली. "मास्तरांनी नाय म्हटला, म्हणान मी दिलंय नाय. तुमी घेवन जावा. माणूस वाचूचो." टोमणा नव्हता त्यात, मी कान देऊन ऐकलं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

सुंठ, मिरी, मध घालून काढा केला आणि त्यात दोन चमचे घातले. दुपारची वेळ होती, खिडकीतून तुझ्या तोंडावर ऊन येत होतं. तू एक घोट घेतलास, थांबलास. माझ्याकडे बघत राहिलास. "बाय, काढ्यात काय घातलंस गो?"

"आला घातलंय," मी आल्यावर ढकललं.

"हां," म्हणालास आणि सगळा काढा प्यायलास. थोड्या वेळाने श्वास जरा खाली बसला. संध्याकाळी मी पांघरूण सारखं करत होते तर डोळे मिटल्या मिटल्याच म्हणालास, "आला आसा काय गो आणखी?"

दादा, ते काय होतं? तू बाबांच्या घरात वाढलेला. काजूचा वास तुला झोपेतही कळला असता. कळूनही मागितलंस का रे? की तापात खरंच आलं वाटलं? कळलं असेल तर तू तातूला नाही म्हटलंस ते तुला त्या घोटाबरोबर आठवलं असेल. मग तू काय सोसलंस त्या दोन दिवसांत, आणि मी शेजारी बसून पंख्याने वारा घालत होते. आणि कळलं नसेल तर मी तुझ्या आयुष्याचा शब्द तुझ्या नकळत मोडला. कुठल्याही बाजूने बघितलं तरी मीच सापडते. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास. शब्द मोडणाऱ्याच्या घरातलं माणूस जातं. मी शिकलेली बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी दिवसातून दहा वेळा स्वतःला बजावते.

उरलेली बाटली तांदळाच्या कणगीत खुपसून ठेवली होती. सुतकात घर माणसांनी भरलेलं, जो तो कणगीकडे! वहिनी सूप घेऊन निघाली की मी आडवी जायचे. "मी काढतंय, तू बस," असं म्हणत मी तेरा दिवस सगळ्या घराचे तांदूळ काढले. वहिनी म्हणाली, काय बाई सोस हिला कामाचा. दारूबंदीचे जमादार समाचाराला आले, कणगीला टेकून बसले आणि तुझे गोडवे गायले. चहा दिल्यावरही मी कणगीपासून हलले नाही. त्यांना वाटलं, बहिणीचं दुःख. काल माणसं पांगल्यावर मागच्या माडाच्या मुळात ओतून आले. अजून मला सगळ्या घरात वास येतोय.

आज शनिवार. सोमवारी काय करू, तू सांग. व्हय म्हणू तर देवापुढे खोटं बोलले. नाय म्हणू तर तुझं नाव धुळीला मिळालं.



सोमवार, दुपार. देवळातून आत्ताच आलेय. घाईत लिहितेय, अक्षर वाईट येतंय, गप वाच.

सगळा गाव होता. गावकराने नारळ ठेवला आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुजो गाव तुज्या पायाकडे जमलो आसा." "व्हय म्हाराजा!" "आमच्या मास्तरांनी जो सबूद दिल्यानी, तो आज परत देत आसव." "व्हय म्हाराजा!" "ह्या गावात कोण सोरो काढूचो नाय, इकूचो नाय, पिवचो नाय. औषधाक पण नाय." "व्हय म्हाराजा!" माझे ओठ हलले नाहीत. कोणाच्या लक्षात आलं नाही. मग गावकर माझ्याकडे वळला. "मास्तरांच्या घरात ह्येचो थेंब कधी इलो नाय..."

"इलो," मी म्हटलं.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. पण मग सुरू झाल्यावर थांबता येईना. सगळं सांगितलं. काढा सांगितला, आलं सांगितलं. बाटली कोणाची ते सांगितलं नाही, पण मागून जानकीच म्हणाली, "माजी. मी दिलंय." मी म्हटलं, "मास्तरांका म्हायत नव्हता. पाप आसात तर माजा." ते खरं की खोटं, मला माहीत नाही. तेवढं मी तुझ्यासाठी ठेवून घेतलं.

मला वाटलं, आता शिव्या येतील. ज्या बाईचा नवरा तिला नावाने हाक मारायला लागला ती पुढे बसली होती, तिने पदर तोंडाला लावला. गावकराने नारळ उचलला, पुन्हा ठेवला. शेवटी म्हणाला, "बाईनू, मी तेवाच म्हटलेलंय, औषधापुरती ठेवया. मास्तर आयकाक नाय." मग घसा खाकरून म्हणाला, "देवाक अर्धा गाऱ्हाणा सांगून ठेवचा नाय. आता तुमीच सांगा, काय म्हणू?"

मला विचारलं, दादा! सबंध गावाच्या शब्दात काय राहील आणि काय गळेल ते माझ्यावर टाकलं. मी तुझ्याकडून परवानगी मागितली नाही. म्हटलं, "ते तीन सबूद काढा. दाक्तर सांगात तर औषधाक चलात. बाकी सगळा तसाच ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. आधी चारदोन, मग सगळे. बायकांचा आवाज पुरुषांहून मोठा होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, मला वाटलं, सुटले.

तेवढ्यात जानकी उठली. पदर खोचला. भांडायला उठली नव्हती, नुसती निघाली होती. माझ्याजवळून जाताना थांबली.

"बरा झाला," म्हणाली. "पण बाईनू, ह्या आता माज्या सासऱ्याक कोण सांगतलो?"

आणि पायऱ्या उतरून गेली.

उत्तर मला वाटेत सुचलं. तू सांगशील, दादा. दुसरं कोण आहे? तो आहे तिथेच तू गेलायस. शोध त्याला. शब्द बदलला म्हणून सांग, त्याच्या सुनेने बाटली दिली आणि तू प्यायलास तेही सांग. त्या दिवशी तुला वास कळला होता की नव्हता ते मला सांगू नको, मला आता नको आहे. त्याला सांग. आणि मास्तर म्हणून उभ्या उभ्या सांगू नको हां, आधी त्याच्या पाया पड.